मधेच बोलायचं कसं?

भाचा ब्रिटनहून परत आला. बिझनेस स्कूलची डिग्री, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत साडेसात बँड, हातात नोकरी नाही. इंदूरला आमच्या रामबागेत निकाल लगेच लागला: "इंग्रजी कच्चं असणार." अहो, साडेसात म्हणजे कच्चं? बऱ्याच बिझनेस स्कूल साडेसहा-सातवर प्रवेश देतात!

रविवारी सकाळी त्याला छप्पन दुकानावर नेलं. पोह्यांवर जिरावण भुरभुरताना तो म्हणाला, "मामा, परीक्षेत विचार करायला एक मिनिट देतात ना, इंटरव्ह्यूत देत नाहीत, तिथेच फसलो."

बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. मधल्या भागात विषयाचं कार्ड, कागद, पेन्सिल देतात. तयारीला एक मिनिट, मग दोनेक मिनिटं एकट्यानं बोलायचं. भंवरकुआच्या क्लासमध्ये यानं तेच घोटलेलं. सरांनी भारदस्त शब्दांची यादीही पाठ करून घेतली होती, फी वेगळी.

कंपनीच्या ग्रुप इंटरव्ह्यूत टेबलाभोवती सहा जण. याचं वाक्य मनात जुळेपर्यंत बाकीचे पुढच्या मुद्द्यावर. तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. चौथ्यांदा बोलला, तेव्हा तो मुद्दा दुसरीनं मांडून झाला होता. व्याकरणाची चूक एकही नाही.

आणि हाच मुलगा रात्री बारा वाजता सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या गर्दीत कोपर घालून "भिया, पहले इधर!" म्हणत गराडूची प्लेट घेऊन येतो.

सगळं खापर भाषेवर फोडत नाही मी. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं थांबता येतं. 2027 च्या 1 जानेवारीपासून त्यासाठी अर्ज करणाऱ्या एमबीएवाल्यांना दीडच वर्ष मिळणार. पुढे राहायचं तर व्हिसा स्पॉन्सर करणारी कंपनी हवी, वर पगाराची अट. कितीतरी कंपन्या तिथेच हात वर करतात. पण ज्या दारातून आत बोलावलं होतं, तिथे तो गप्प बसून हरला, हे त्याचं त्यालाच जास्त लागलंय. घरात आपण तरी काय शिकवलं? मोठे बोलत असताना मधे बोलायचं नाही.

आता त्याच्या धाकट्या बहिणीची आयईएलटीएस आहे. तिला बँडचं विचारत नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास इंग्रजीत वाद घालतो आम्ही, भाचा पंच. काल मी ऐन रंगात असताना तिनं मला मधेच तोडलं. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "मामाशी असं बोलतात का गं?"

भाच्यानं तिला गुण दिला.