मेथोडियसला डांबलं ते बिशपांनीच

सिरिल-मेथोडियस या, नवव्या शतकात स्लाव्ह लोकांसाठी लिपी घडवणाऱ्या ग्रीक धर्मप्रचारक भावांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की धर्मप्रचारक म्हणजे साम्राज्याचे हस्तक, त्यांनी केलेली लिपी आणि भाषांतरं म्हणजे लोकांना बाटवायचं साधन, आणि मी उगाच उदात्तीकरण करतोय. प्रतिक्रिया तिखट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राजकारण होतंच, पण कुणाचं ते बघा. 862 च्या सुमारास मोराव्हियाच्या (आजच्या चेक-स्लोव्हाक भागातल्या स्लाव्ह राज्याच्या) रास्तिस्लाव राजाने स्वतःहून कॉन्स्टँटिनोपलकडे, म्हणजे बायझंटाईन साम्राज्याच्या राजधानीकडे, माणसं मागितली. तोवर बव्हेरियाचे पाद्री तिथे ठाण मांडून होते, म्हणजे बाप्तिस्मे आधीच सुरू झाले होते. त्या पाद्र्यांच्या पाठीशी पूर्व फ्रँकांचा (आजच्या जर्मनीच्या भागातला) राजा लुडविग. त्याचं जोखड मानेवर नको म्हणून रास्तिस्लावने लांबचे गुरू बोलावले. हस्तकच म्हणायचं तर हे दोघे आधी त्याचे!

आणि बायझंटाईन सम्राटाच्या पदरात काय पडलं? भाऊ रोमला गेले. पोप दुसऱ्या हेड्रियनने स्लाव्ह भाषेतल्या ग्रंथांना मान्यता दिली. सिरिल 869 मध्ये रोममध्येच वारला आणि मेथोडियस पोपचा आर्चबिशप होऊन परतला. लगेच 870 मध्ये बव्हेरियन बिशपांनी त्याला पकडलं: आमच्या हद्दीत शिकवतोस म्हणून. पासाऊचा बिशप एर्मनरिख तर घोड्याचा चाबूक घेऊन त्याच्या अंगावर धावला, अशी पोप आठव्या जॉनच्या पत्रातच तक्रार आहे. चौकशीत राजा लुडविग थट्टेने म्हणाला की याला पुरे करा, भट्टीपाशी बसल्यासारखा घामाघूम झालाय. मेथोडियस उत्तरला की एका तत्त्वज्ञालाही असाच घाम फुटला होता, अडाण्यांशी वाद घालून! (हे त्याच्या चरित्रातलं. शिष्यांनी थोडं मीठमसाला लावलं असेलही.) पुढे अडीचेक वर्षं कैद. 873 मध्ये याच आठव्या जॉनने सोडवलं.

म्हणजे हे भांडण ख्रिस्ती विरुद्ध ख्रिस्ती, हद्दीचं आणि अर्थात उत्पन्नाचंही.

तुमचा मुद्दा बल्गेरियाला मात्र लागू पडतो. तिथल्या राजा बोरिसने 864 च्या आसपास बाप्तिस्मा घेतला तो बायझंटाईन फौजा सीमेवर असताना. सरदारांनी बंड केलं, तर त्याने 52 सरदार कुटुंबकबिल्यासकट कापून काढले. मग रोमशीही बोलणी लावून रोम आणि कॉन्स्टँटिनोपल दोघांना झुलवत ठेवलं.

885 मध्ये मेथोडियस गेल्यावर मोराव्हियातून हाकललेल्या त्याच्या शिष्यांना, क्लेमेंट आणि नाउमला, आसरा दिला तोही याच बोरिसने. एरवी ही अक्षरविद्या तिथेच संपली असती. आता बोरिसला कुठल्या रकान्यात टाकायचं, ते तुम्हीच सांगा.