‘आदेस्ते फिदेलेस’ आणि जेम्स राजा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देते. हे गीत म्हणजे ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या जन्माचं सांकेतिक गीत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. ‘आदेस्ते फिदेलेस’, म्हणजे ‘ओ कम ऑल ये फेथफुल’, हे येशूजन्माचं निखळ भक्तिगीत असताना मी त्यात राजकारण घुसडलं. आणि एका तोतयाला उगाच मोठं केलं.

आधी तोतयाचं. चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टला विरोधक ‘यंग प्रिटेंडर’ म्हणत, त्यावरून तुम्ही तो शब्द घेतला असावा. पण इथे प्रिटेंडर म्हणजे दावेदार. भाऊसाहेबांचा तोतया भाऊसाहेब नव्हताच. चार्ल्स मात्र १६८८ साली गादी गमावलेल्या इंग्लंडच्या कॅथलिक राजाचा, दुसऱ्या जेम्सचा, सख्खा नातू.

आता गीत. जॉन फ्रान्सिस वेड हा इंग्रज कॅथलिक प्रार्थनासंगीताच्या वह्या हाताने, सुबक अक्षरात नकलून द्यायचा. १७४०च्या दशकातल्या त्याच्या एका वहीत हे गीत आहे, आणि त्याच वहीत ‘प्रभो, आमच्या जेम्स राजाला राख’ अशी लॅटिन प्रार्थनाही आहे. लंडनच्या गादीवर तेव्हा दुसरा जॉर्ज होता. हा जेम्स म्हणजे चार्ल्सचे वडील, रोममध्ये परागंदा झालेले. राजकारण मी आणलेलं नाही, ते त्या वहीतच आहे.

शिवाय गीतात येशू ‘रेजेम अँजेलोरम’ आहे, देवदूतांचा राजा. लॅटिनमध्ये मधलं एक अक्षर गाळलं की होतं ‘रेजेम अँग्लोरम’, इंग्रजांचा राजा. रोमच्या बाजारातली अँगल, म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांची, मुलं पाहून पुढे पोप झालेल्या ग्रेगरींनी केलेली अशीच कोटी बीड नावाच्या आठव्या शतकातल्या इंग्रज मठवाशाच्या इतिहासग्रंथात आहे.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. हे चार्ल्सच्या जन्माचं सांकेतिक गीत, असं डरहम विद्यापीठाचे बेनेट झॉन यांनी २००८ मध्ये मांडलं. ते मी सिद्ध झाल्यासारखं लिहिलं, ही माझी चूक. चार्ल्स जन्मला ३१ डिसेंबर १७२० ला. वेड तेव्हा दहाएक वर्षांचा पोर, आणि गीत हाती लागतं ते वीसेक वर्षांनंतरचं. ते वाक्य आज दुरुस्त करते.

पण ‘निखळ’ हा शब्द मला मान्य नाही. गादी परत मिळवायला निघालेल्या चार्ल्सचं सैन्य १६ एप्रिल १७४६ ला स्कॉटलंडमध्ये कलोडेनच्या माळावर मोडलं. इंग्लंडमध्ये कॅथलिकांची मिसा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, कायद्याने बंद होती, म्हणून लंडनचे कॅथलिक परक्या वकिलातींच्या चॅपेलात जात. हे गीत पोर्तुगीज वकिलातीत गायलं जाई, त्यामुळे पुढे त्याला ‘पोर्तुगीज हिम’ असंच नाव पडलं. स्वतःच्या शहरात दुसऱ्या देशाच्या छपराखाली उभं राहून ‘या, श्रद्धावंतांनो’ म्हणणाऱ्यांना देव आणि राजा वेगळे काढता आले असतील, असं मला वाटत नाही.