सांगलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: आयर्विनची पातळी आणि माझा रिकामा कट्टा

सांगलीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी ट्विटरवरून, म्हणजे आताच्या एक्सवरून, बस्तान हलवून मॅस्टोडॉनवर, म्हणजे ट्विटरसारख्याच पण कुणा एका मालकाच्या नसलेल्या समाजमाध्यमावर गेलो, आणि मागच्या लेखात ते लिहिलं. त्यावर सांगलीकर म्हणतात: ही शिकलेल्यांची नाटकं आहेत. २०१९ला असेच सगळे वाजतगाजत गेले आणि आठवड्यात परतले. 'कू' या ट्विटरसारख्या देशी ॲपचं काय झालं ते बघितलंच. आणि पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी लोकांना जिथे कळते, तिथूनच तुम्ही उठून गेलात. शेवटी टोला: व्हॉट्सॲप तरी सोडलंत का?

टोल्यापासून सुरुवात करतो. नाही सोडलं. गल्लीत पाणी कधी येणार हे त्यावरच कळतं. जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरून गहजब झाला, तेव्हा घरच्या नऊ जणांना मी हाताला धरून सिग्नल नावाच्या दुसऱ्या निरोपांच्या ॲपवर नेलं होतं. आज तिथे मी आणि माझा मेहुणा उरलोय, आणि आमचं फारसं पटत नाही. तेव्हा ढोंगी म्हणा, चालेल.

२०१९च्या वऱ्हाडात मीही होतो. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं तेव्हा बंद झालं. निमित्त होतं त्यांनी लावलेला एक जुना फोटो: १९३६, हॅम्बुर्गची गोदी, सगळ्या गर्दीचे हात नाझी सलामीला वर आणि त्यात एकटा माणूस हाताची घडी घालून उभा. खातं परत मिळालं, पुन्हा बंद झालं, आणि नोव्हेंबरात पुष्कळ भारतीय मंडळी मॅस्टोडॉनवर धडकली. मी आल्या पावली परतलो, कारण तिथे जमलेले सगळे ट्विटरबद्दलच बोलत होते. माहेरच्या गप्पा मारायला सासरी कशाला जायचं?

मग या वेळी काय बदललं? तुम्हाला माझा उद्योग माहीत आहे. पाटणला गच्चीवर पर्जन्यमापक आहे, सकाळी साडेआठला मोजतो आणि आकडा टाकतो. एवढंच. ३० जून २०२३ला ट्विटरनं लॉगिन न करता वाचणं बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन केलेल्यांनाही रोज किती पोस्ट वाचायच्या याची मर्यादा घातली. पुढे ते सैल केलं, पण तारीख बघा. आपल्याकडे पाऊस धरायची वेळ. एखाद्या मालकाला रात्रीत वाटलं आणि नळ बंद, हे बघून माझं मन उडालं. मालक चांगला की वाईट, कुठल्या पक्षाचा, या वादात मला रस नाही.

'कू'चा दाखला इथे लागू पडत नाही असं मला वाटतं. कू ही एक कंपनी होती. पैसा आटला, विक्रीची बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४मध्ये दुकान मिटलं. दुकान मिटल्यावर गिऱ्हाईक रस्त्यावर. ऑर्कुटही असंच ३० सप्टेंबर २०१४ला मिटलं. मॅस्टोडॉनला असं एक दुकानच नाही. कुणी व्यक्ती, कुणी संस्था आपापला सर्व्हर चालवते आणि ते एकमेकांशी एका सामायिक भाषेत बोलतात.

आता तुम्ही म्हणाल, सर्व्हरही बंद पडतातच की. पडतात! माझाच पडला. एक गृहस्थ फावल्या वेळात, पदरमोड करून चालवत होते. त्यांनी तीन महिने आधी सांगितलं की आता झेपत नाही. एका रविवारी दुपारी चहा घेऊन बसलो. दुसऱ्या सर्व्हरवर नवं खातं काढलं, त्यात 'जुना मी तोच' अशी नोंद केली, मग जुन्या खात्यात जाऊन स्थलांतराचं बटण दाबलं. चहा निवेपर्यंत माणसं आपोआप नव्या पत्त्यावर यायला लागली. ४१२ होती, रात्री झोपताना ३९० पोचलेली. मी कुणाला फॉलो करतो ती यादी फाइलमधून चढवली. मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवायची सोय देशभर २०११ला आली, त्या आधी काय व्हायचं आठवा: नवा नंबर घ्या आणि शंभर जणांना कळवत बसा. इथे पत्ता बदलतो खरा, पण माणसं सुटत नाहीत.

जुन्या पोस्टी मात्र आल्या नाहीत. मॅस्टोडॉनमध्ये त्या हलतच नाहीत. उतरवून घेता येतात, नव्या जागी चढवता येत नाहीत. तीन पावसाळ्यांचे आकडे आता माझ्या संगणकावर एका फाइलीत पडून आहेत. मागच्या लेखात मी हे लिहायला हवं होतं. लपवलं नव्हतं, पण सांगितलंही नाही. ती चूक माझी.

'तिथे कुत्रं तरी विचारतं का' असंही तुम्ही लिहिलंत. मराठीत लिहिणारे मला माहीत आहेत ते सतरा-अठरा. पण फिनलंडच्या एका बाईंनी विचारलं, साडेआठच का, आठ किंवा नऊ का नाही? मी इतकी वर्षं हवामान खात्याची वेळ म्हणून मोजत होतो, कधी प्रश्न पडला नव्हता. मग उलगडलं की आपले साडेआठ म्हणजे ग्रिनिचचे बरोबर तीन. त्यावर आमचं दोन दिवस चाललं. असा निवांतपणा मला पुरतो. तुम्हाला नाही पुरणार, हेही मान्य. आणि नाटकांबद्दल म्हणाल, तर माझी बहीण 'सर्व्हर निवडा' या पहिल्याच पाटीपाशी थांबली आणि म्हणाली, तुझं तुला लखलाभ. तिचं काही चुकलं नाही.

राहिला आयर्विन. इथे तुम्ही मला गप्प केलंत. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तुमच्याकडे लोक फूट-इंच बघून सामान माळ्यावर चढवत होते. तो आकडा माझ्या कट्ट्यावर येत नाही, आणि इथे पडलेला पाऊस कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेत आणि पुढे तुमच्याच दारात येतो. म्हणून ट्विटरवरचं जुनं खातं मी बंद केलेलं नाही. पावसाळ्यात वाचायला उघडतो, लिहीत नाही. माझं भांडण एवढंच, की पुराची पातळी बघायला कुणाला खातं उघडायची गरज पडू नये.

तुम्हालाही माझ्यासाठी खातं काढायला सांगत नाही. मॅस्टोडॉनवरच्या माझ्या पानाचा पत्ता घ्या, त्याच्या शेवटी इंग्रजीत टिंब आणि आरएसएस ही तीन अक्षरं जोडा, आणि कुठल्याही फीड रीडरमध्ये, म्हणजे निरनिराळ्या पानांवरचं नवं लिखाण एका जागी आणून दाखवणाऱ्या ॲपमध्ये टाका. पाटणचा आकडा रोज सकाळी येईल. आजचा ६८ मिलिमीटर. रात्रभर धरलाय, अजून उघडीप नाही. खालच्या मजल्यावरचं सामान बघून ठेवा.