खुलासा: फ्लँजवाली जीप डांबरी रस्त्यावर बिनधास्त चालवा

ठाण्यातल्या जुन्या जीपवाल्यांत मेसेज फिरतोय: ‘ड्राइव्ह फ्लँज असेल तर घोडबंदर रोडवर ट्रान्सफर केस तुटतो, लॉकिंग हब लगेच बसवा.’ (फ्लँज म्हणजे पुढचं चाक अ‍ॅक्सलला कायमचं जोडणारी चकती; लॉकिंग हब म्हणजे तीच जोडणी डायल फिरवून जोडता-सोडता येणारा भाग; ट्रान्सफर केस म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा गिअरबॉक्स.) हे साफ चूक आहे. ट्रान्सफर केसचा लिव्हर टू-व्हीलमध्ये असेल तर फ्लँजमुळे पुढचे अ‍ॅक्सल, डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारे गिअर) आणि प्रोपेलर शाफ्ट (तिथवर जोर नेणारा दांडा) नुसते फिरत राहतात. थोडी घरघर, किंचित जास्त पेट्रोल, इतकंच. खरा ताण येतो कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळल्यावर, आणि हब लॉक असले तरी तो तेवढाच. उलट हब मोकळे ठेवून लो गिअर (ट्रान्सफर केसचा जास्त जोराचा गिअर) टाकला, तर सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर! मुरबाडकडच्या चिखलात हबची डायल फिरवायला विसरणारे बरेच. हब लावलेतच तर अधूनमधून लॉक करून गाडी पळवा, पुढच्या डिफरन्शियलच्या बेअरिंगना तेल मिळतं. पण घाबरून धडधाकट फ्लँज काढू नका.