तार कशाने मेली ते आधी पाहा

नमस्कार. बेस गिटारच्या कोटेड तारांवरच्या, म्हणजे घाम-मळ अडवायला पातळ थर चढवलेल्या तारांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर आणि परखड लिहिलंत की दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कोटिंग म्हणजे दुप्पट पैसे काढायचा धंदा आहे, त्या तारा पहिल्या दिवसापासून प्लास्टिकसारख्या वाजतात, बेसच्या आवाजाला चकाकी लागतेच कशाला, बेसवादक जेम्स जेमरसनने वर्षानुवर्षं तारा बदलल्या नाहीत तरी मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांचा तो आवाज त्याच्याच बोटांतून आला, आणि तारा मेल्याच तर उकळून पुन्हा चढवता येतात. शेवटी तुम्ही विचारलंय की माझा लेख वाचून घेतलेला कोटेड सेट अजून पाकिटातच आहे, त्याचं काय करू.

जेमरसनचं उदाहरण खरं आहे, पण ते तुमच्या बेसला लागू पडत नाही. त्याच्या फेंडर प्रिसिजन बेसवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या. बेसच्या तारेत पोलादी गाभ्यावर वेढे गुंडाळलेले असतात; फ्लॅटवाउंडचा हा बाहेरचा वेढा चपट्या पट्टीचा असतो, दोन वेढ्यांमध्ये खाच जवळपास नसते, त्यामुळे मळाला शिरायला जागा मिळत नाही. त्यांचा आवाज नवेपणीही गोल आणि ठोस असतो, म्हणून जुन्या झाल्या तरी त्यांचं फारसं काही हरवत नाही. फ्लॅटवाउंड वाजवणाऱ्याने कोटिंगवर एक रुपयाही घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही मात्र राउंडवाउंडवर, म्हणजे गोल तारेच्या वेढ्याच्या तारांवर, स्लॅप करता: अंगठ्याने ठोकता आणि बोटाने ओढून सोडता (पॉप). राउंडवाउंडचं सगळं आकर्षणच वेगळं. १९६६ मध्ये ‘द हू’ या बँडचा बेसवादक जॉन एन्टविसलने रोटोसाउंड या तारांच्या कंपनीबरोबर बसून बेसच्या राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या, कारण त्याला पियानोसारखा खणखणीत आवाज हवा होता. आणि तार जुनी होताना सर्वात आधी जातो तो हा खणखणीतपणाच.

बेसला चकाकी कशाला, हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. सर्वात जाड, खुल्या ई तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झ. मोबाइलचा स्पीकर तो वाजवूच शकत नाही, मांडवातले छोटे बॉक्सही त्याला न्याय देत नाहीत. तरी बेस ऐकू येतो, कारण ८२, १२४, १६५ आणि त्यापुढचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, कानावर पडतात आणि त्यावरून मेंदू खालचा स्वर ओळखतो. मळलेल्या तारेत हे वरचे हार्मोनिक्सच आधी दबतात. मग आवाज बद्द होतो, गिटार आणि ढोलकीच्या गर्दीत बेस नुसता घुमतो, कुठला स्वर आहे ते कळत नाही. शिवाय मळ सगळीकडे सारखा बसत नाही. तारेचं वजन जागोजागी कमीजास्त होतं आणि खुली तार ट्यूनरवर अचूक असूनही बाराव्या फ्रेटवरचा (दांड्यावरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवरचा) स्वर हलतो. लोक तेव्हा ब्रिजचे सॅडल, म्हणजे तार टेकते ते सरकते तुकडे, फिरवत बसतात. दोष तारेत असतो.

पण तार दोन प्रकारांनी मरते, आणि तुमचा-माझा सगळा मतभेद इथे सुटतो. एक मरण घामाचं. मीठ, तेल, त्वचेचा भुगा वेढ्यांत बसतो, धातूला गंज चढतो. दुसरं मरण झिजेचं. तार फ्रेटवर दाबली जाऊन वेढे चेपतात, ताण खाऊन धातू थकतो. कोटिंग फक्त पहिलं मरण लांबवतं, दुसऱ्याचं त्याला काही करता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी तारा काढाल तेव्हा त्या लगेच टाकू नका. डी आणि जी या बारीक तारा दिव्याखाली धरा. ब्रिजजवळ जिथे हात जवळपास लागत नाही तिथले वेढे आणि बोटांखालचे वेढे शेजारी-शेजारी पाहा. बोटांखालचा भाग काळपट, तपकिरी किंवा चिकट झाला असेल आणि नख फिरवल्यावर खाचांतून मळ निघत असेल, तर तुमची तार घामाने मेली. रंग दोन्हीकडे सारखाच असेल, पण पाचव्या-सातव्या फ्रेटच्या जागी वेढ्यांवर चपटे, चकचकीत ठिपके पडले असतील, तर ती झिजेने मेली. ही तपासणी न करता कोटिंग चांगलं की वाईट यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मी ठाण्यात राहतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथे हवा ओली असते, आणि कामाचे दिवसही तेच: गणपती, मग नवरात्रातल्या नऊ रात्री सलग गरबा. साध्या निकेल तारा पहिल्या रात्री झणझणतात आणि नवमीपर्यंत पार बसतात. रोज आवाज बदलतो आणि साउंडवाल्याला रोज नव्याने ईक्यू (आवाजातल्या जाड-बारीक भागांचा समतोल) लावावा लागतो. कोटेड तार सुरुवातीलाच थोडी मवाळ असते, हे तुमचं बरोबर आहे, पण ती नवव्या रात्रीही जवळपास तशीच वाजते. तुम्ही दुकानात नवी तार नव्या तारेशी ताडून पाहिलीत. मला फरक कळतो तो तिसऱ्या आठवड्यात. रेकॉर्डिंगला तर हे फारच कामाचं: आज अर्धं गाणं वाजवून महिन्याने उरलेलं वाजवायचं असेल, तर बेसचा आवाज जुळायला हवा.

प्लास्टिकसारखं वाजतं म्हणजे काय, तेही पाहू. एलिक्सिर या कोटेड तारा गोअर कंपनीच्या, म्हणजे पाणी न शिरणारं गोअरटेक्स कापड बनवणाऱ्यांच्याच. त्यांचं कोटिंग पीटीएफईचं, आपल्या निर्लेप तव्यावर असतं त्याच जातीचं. ते तार वळून झाल्यावर सगळ्या तारेवरून चढतं, त्यामुळे खाचाही झाकल्या जातात. दुसरी पद्धत वेढ्याची तार आधी कोट करून मग गुंडाळण्याची. त्यात खाच उघडी राहते, बोटाला पोत साध्या तारेसारखा लागतो, पण मळ आत जाऊ शकतो. जाड कोटिंगच्या तारा खरंच गुळगुळीत आणि दबलेल्या वाटायच्या. आताचे पातळ थर तसे नाहीत. स्लॅपने मात्र कोटिंग अंगठ्याच्या आणि पॉपच्या जागी झिजतं, काहींचे पांढरे तंतूही सुटतात. आवाज त्याने लगेच बिघडत नाही, पण तेवढ्या जागेवरचं संरक्षण गेलं.

एक गोष्ट तुम्ही मांडली नाहीत, ती मीच सांगतो. काही कोटेड तारांना हात लावला तरी हम, म्हणजे स्पीकरमधली विजेची घरघर, कमी होत नाही, कारण बोट आणि धातू यांच्यामध्ये थर असतो. ब्रिजला हात लावला की हम थांबतो. अर्थिंग धड नसलेल्या हॉलमध्ये सिंगल कॉइलचा बेस (ज्याचा पिकअप ही घरघर सहज पकडतो) असेल तर याचा त्रास होतो.

उकळण्याचा उपाय चालतो, पण थोडे दिवस. तेल निघतं, आवाज उघडतो, मात्र पाणी वेढ्यांखाली पोलादी गाभ्यापर्यंत जातं आणि तिथून गंज धरतो. शिवाय तार खुंटीवर जिथे एकदा वळलेली असते तिथेच पुन्हा वाकते, आणि बहुधा तिथेच तुटते. चेपलेला वेढा तर पाण्याने गोल होत नाही.

तुमच्यापुरता निकाल असा. पुण्याची बरीचशी कोरडी हवा, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे कोरडे हात, आणि वाजवणं बहुतेक स्लॅपचं. तुमच्या तारा झिजेनेच जात असणार. तेव्हा साध्या तारा घ्या, वाजवून झाल्यावर सुती फडकं तारांवरून आणि खालूनही फिरवा, आणि कोटिंगचे पैसे वाचवा. ज्यांचे हात घामेजतात, जे किनाऱ्यावर राहतात, ज्यांना सीझनभर एकच आवाज हवा, त्यांना मी कोटेडच सांगेन, दुप्पट किंमत धरूनही.

पाकिटातला सेट वाया घालवू नका. डिसेंबरात गोव्याला हॉटेलांत वाजवायला जाता असं लिहिलंत, तेव्हा चढवा. खुंटीच्या पुढे दोन-तीन वेढ्यांपुरती तार ठेवा, जिथे कापायची तिथे आधी पक्कडीने काटकोनात वाकवा आणि वाकाच्या पलीकडे कापा. न वाकवता कापलीत तर वरचा वेढा गाभ्यावरून सैल होऊ शकतो आणि नवी तारही बद्द वाजते.