‘जिद्द असली की परिस्थिती आड येत नाही’ म्हणे!

सध्या एक प्रेरणादायी गोष्ट जोरात फिरते आहे. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीतल्या मेक्सिकन मुलांकडून एका शिक्षकाने जिद्दीच्या बळावर वर्षभरात कॅल्क्युलसची (कॉलेजच्या पातळीच्या गणिताची) अवघड परीक्षा पास करून घेतली. त्यावरून निष्कर्ष असा, की परिस्थिती ही नुसती सबब. या समाजात शिक्षणाची आस्थाच नाही, पालक बेफिकीर आणि मुलं शाळा सोडणारी.

मुळात ते वर्षभरात झालं नाही. ते शिक्षक, हायमे एस्कलांते, तिथल्या गारफील्ड हायस्कूलमध्ये आले 1974 मध्ये. 1979 साली त्यांचे पाच विद्यार्थी परीक्षेला बसले, दोन पास झाले. अठरा जण पास झाले ते 1982 मध्ये. मधली वर्षं खालच्या वर्गांचं बीजगणित पक्कं करण्यात आणि जादा तासांत गेली. पुढे हेन्री ग्रादियास यांच्यासारखे पाठीशी उभे राहणारे मुख्याध्यापकही लाभले. आणि त्या अठरांपैकी चौदा जणांवर परीक्षा मंडळाने कॉपीचा संशय घेतला, हे या गोष्टीत कुणी सांगत नाही. बारा जण पुन्हा बसले, सगळे पास झाले. मेहनत करूनही आधी आपण चोर नाही हे सिद्ध करायचं, हा भार सुखवस्तू वस्तीतल्या किती मुलांवर पडतो?

आस्था नव्हती म्हणता? मार्च 1968 मध्ये याच गारफील्डसह पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा नको, कॉलेजात नेणारे विषय शिकवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

पालकांचं म्हणाल तर टेक्सासमधलं सॅन अँटोनियो बघा. 1967-68 मध्ये मेक्सिकन वस्तीचं एजवूड शंभर डॉलरच्या मालमत्तेवर 1.05 डॉलर शाळाकर भरत होतं, श्रीमंत अलामो हाइट्स 0.85. तरी एजवूडच्या मुलामागे खर्च 356 डॉलर, अलामो हाइट्सच्या मुलामागे 594. कारण शाळांचा बराच पैसा वस्तीच्या मालमत्ता करातून यायचा आणि एजवूडच्या घरांच्याच किमती कमी. जास्त दराने कर भरणाऱ्यांना बेफिकीर म्हणणं हा सरळ अन्याय आहे. पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1973 मध्ये 5-4 ने हरले.

राहिली ‘शाळा सोडणारी मुलं’. अमेरिकेतल्या 18 ते 24 वयाच्या हिस्पॅनिक (मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांतलं मूळ असलेल्या) तरुणांत शाळा अर्धवट सोडलेल्यांचं प्रमाण 1996 मध्ये 34 टक्के होतं, 2016 मध्ये 10. वीस वर्षांत एखाद्या समाजाची जिद्द तिपटीने वाढत नसते.

गारफील्डमध्येही 1987 ला ग्रादियास यांनी शाळा सोडली, 1991 ला एस्कलांतेंनी सोडली आणि कॅल्क्युलस पास होणाऱ्यांची संख्या घसरली. मुलं त्याच वस्तीतली होती.