टाचदुखी आणि घरातल्या चपला

मुंबई मॅरेथॉनमधला पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात येतो. तो कुठे आहे हे आधी माहीत असतं आणि चढताना कडेला उभं राहून कुणीतरी टाळ्याही वाजवतं. टाचदुखीवाल्याचा चढ पलंगाच्या कडेशी सुरू होऊन मोरीच्या दाराशी संपतो. अंतर फार तर पंधरा पावलं. टाळ्या नाहीत, "एवढं पळायला सांगितलंय कुणी?" हा प्रश्न मात्र स्वयंपाकघरातून वेळेवर येतो.

दुखण्याचं नाव प्लांटर फॅशिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायाला एक जाड, चिवट पट्टा असतो आणि पायाची कमान तो धरून ठेवतो. रात्री झोपेत पंजा खाली झुकलेला राहतो, पट्टा आखडतो आणि सकाळी पहिल्याच पावलाला त्याच्यावर सगळं वजन येतं. टाचेखाली, आतल्या बाजूला, एका ठरलेल्या बिंदूत खिळा घुसल्यासारखं होतं.

दहा-बारा पावलांत कळ ओसरते आणि धावक फसतो तो इथेच. "पाय मोकळा झाला" म्हणत तो बूट चढवतो. पहिले दोन किलोमीटर कुरकुर, मग सगळं शांत. घरी येऊन अर्धा तास बसून उठला की टाच व्याजासकट वसुली करते. पाय तापला की वेदना दबते. पट्ट्यावरचा भार मात्र तेवढाच असतो.

कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली शर्यत, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, आणि मधल्या दिवसांत आठवड्याचे तीस किलोमीटर एकदम पन्नासवर. त्यात पोटऱ्या आखडलेल्या आणि बूट आठशे किलोमीटर झालेले, पण "अजून नवे दिसतात" म्हणून चालू ठेवलेले. बूट वरून नवेच दिसतात. बसतो तो आतला फोम.

यानंतर सल्ल्यांचा हंगाम सुरू होतो. मावशी तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायला सांगते. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर टाचेची आठवणही राहणार नाही, एवढं मी नम्रपणे सुचवेन. काशाच्या वाटीनं तळपाय घासून घ्यायला माझी हरकत नाही. पट्टा त्यानं बरा होत नाही, पण झोप छान लागते. ग्रुपमधला जाणकार एक्स-रे काढायला लावतो, त्यात हाड वाढलेलं दिसतं आणि घरात सुतक पसरतं. असं वाढलेलं हाड कितीतरी न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं. त्याच्यावर खटला भरून उपयोग नाही.

डॉक्टरांनी सांगितलेला सगळ्यात अवघड उपाय म्हणजे घरात अनवाणी फिरू नका. कडक फरशी टाचेला सोसत नाही, हे बरोबरच आहे. पण ज्या घरात चपला उंबऱ्याबाहेर थांबतात, तिथे मऊ तळाच्या चपला घालून देवघरावरून जायचं, म्हणजे फिजिओथेरपीपेक्षा जास्त धैर्य लागतं. तोडगा एकच: नवी जोडी आणायची, आजीसमोर खोक्यातून काढायची आणि ती रस्त्यावर कधीही न्यायची नाही. आजी मान्य करत नाही, पण "डॉक्टर" हा शब्द ऐकून गप्प बसते.

पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडे ओढायची आणि दहा सेकंद धरायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं कमान चाचपून पाहा. तिथे दोरी ताठ लागली तरच ताण बरोबर बसलाय. बाटलीत पाणी गोठवून तिच्यावर पाय फिरवला की बरं वाटतं. बाटली प्लॅस्टिकची घ्या आणि घरच्यांना कळेल अशी खूण करा.

खरं काम जिन्यात होतं. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल. बोटं वर वळली की पट्टा ताणला जातो, म्हणून टॉवेल. तो वगळणारे नुसती पोटरी कमावतात. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बाराचे तीन सेट, एक दिवसाआड. भार असा हवा की तेरावी उठाठेव जमू नये. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून दहाचे चार सेट, आणखी दोन आठवड्यांनी आठाचे पाच. सोसायटीतले लोक सॅक घेऊन जिन्यात तिष्ठणाऱ्या माणसाला "किल्ली विसरलात का?" विचारतात. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात या व्यायामानं तीन महिन्यांनी नुसत्या ताणापेक्षा जास्त आराम दिला, मात्र वर्ष संपता दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे हे दुखणं महिन्यांत मोजायचं आहे, आणि जानेवारीच्या शर्यतीचा छातीवरचा नंबर त्याला कुणी दाखवलेला नाही.

घाईवाल्यांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन असतं. काही आठवडे आराम पडतो. पण पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. शर्यतीच्या तोंडावर ते मागणाऱ्याला मी पळायला नव्हे, बसायला सांगेन. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर जोरात दुखली तर हाडाला तडा असू शकतो. मुंग्या येत असतील तर नस तपासावी लागते. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही धरत असेल, तर थेट संधिवाततज्ज्ञाकडे.

पळण्याकडे परतताना आधी अर्धा तास भरभर चालून पाहायचं. व्यायामात आणि चालण्यात दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या सकाळच्या पहिल्या पावलाला ते वाढलेलं नको. वाढलं तर एक पायरी मागे. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं दहा वेळा, एक दिवसाआड. चढ आणि वेग सगळ्यात शेवटी, कारण तिथे पंजावर जोर येतो. त्या एका मिनिटाच्या पळण्यात नेमकं कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि विचारतं, "काय, एवढ्यात दमलात?" घाई करू नका. पुढे चालायची दोन मिनिटं आहेत, उत्तर द्यायला तेवढी पुरतात.